वार्तेचे वर्ष

"दिवस राहू द्या, महिना राहू द्या. वर्ष तेवढं बदला, भाऊ," मालनबाई म्हणाल्या.

त्र्यंबकेश्वरी गुरुजींच्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या हिरामणने पडद्यावरील नोंद पुन्हा वाचली. गोरक्ष, मुक्काम नामपूर. बेपत्ता. त्यापुढे त्याची शेवटची वार्ता मिळाल्याची तारीख. वार्तेला बारा वर्षे उलटली की संगणक घरच्यांना आपोआप निरोप धाडी, आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्या माणसाचे अंत्यकर्म होई. गोरक्षचा निरोप येत्या महिन्यात जायचा होता.

"धाकटा दीपक म्हणतो, निरोप आला की विधी उरकून टाकू," मालनबाई म्हणाल्या. कुशावर्तावर ओंजळीने पाणी सोडून त्या थेट इकडेच आल्या होत्या. लुगड्याचा काठ अजून ओला होता.

"पण नवी वार्ता आणली कोणी, मावशी?"

"आमच्या गावच्या फकिरानं. मागच्या साली सुरतेला दिसला त्याला."

"बोलला का त्याच्याशी?"

"गर्दीत दिसेनासा झाला."

"दाढी वाढवलीय म्हणे," सून शुभांगी मध्येच म्हणाली. "त्यांना दाढी कधी शोभली नाही." ती हसली. कपाळावर ठसठशीत कुंकू होते. येताना वाटेतल्या द्वारका चौकात उतरून तिने नवऱ्यासाठी सदरा घेतला होता. ती पिशवी तिने खाली ठेवली नव्हती.

हिरामण घुटमळला. अशा वार्ता घेऊन येणाऱ्या माता त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. खोटी नोंद करणे हा दोष, हे तो जाणून होता. परंतु आईच्या आशेवर पाणी फिरवणे त्याच्याने होईना. त्याने वर्षाचे आकडे खोडले व नवे लिहिले. बदल कायम करावा काय, असे पडद्याने विचारले. त्याने होकाराची कळ दाबली.

"झालं. आता बारा वर्षं नव्यानं मोजली जातील."

"मी गाडी बघते, आई," म्हणत शुभांगी बाहेर पडली. तिची पावले हलकी झाली होती.

हिरामण हळुवारपणे म्हणाला, "धीर सोडू नका, मावशी. आईचा जीव खोटं सांगत नाही. येईल तो."

सून रस्त्यापर्यंत पोहोचेतो मालनबाई दाराकडे पाहत राहिल्या.

"कसा येईल, भाऊ? तो घर सोडून गेला त्याच साली, सुरतेच्या मसणात, माझ्या हातानं अग्नी दिलाय मी त्याला."