दुर्गाबाईचं पार्सल

लढाईवर गेलेल्या लेकानं धाडलेलं पार्सल याही खेपेला दुर्गाबाईला मिळालं नाही.

"तुमीच घेतलासा की, आक्का," पोस्टमन बसवंत वैतागून म्हणाला. "मागावर बसला हुतासा."

दुर्गाबाईचं डोकंच फिरलं. नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच होती.

पुढच्या खेपेला तिनं विणायचा धोटाच मागातून काढून मुठीत धरला आणि भर दुपारी उंबऱ्यावर ठाण मांडलं.

वडगावच्या त्या गल्लीत बसवंत वळला, तसा तिच्या पाठीमागं, रिकाम्या घरात, माग खटखटू लागला.

तिच्या डोक्यावरून आत बघत बसवंतनं हाक दिली, "आक्का, पार्सल!"

माग थांबला.

"आण रं आत," दुर्गाबाईचाच आवाज आतून आला. "माजा लेक बी आलाय बघ."