बाळंतिणीची शेगडी

निफाडच्या थंडीत वीजबिल निम्मं करून देतो म्हणणाऱ्या कंपनीकडून सगुणाबाईंनी घराला ऊब शोषणाऱ्या भिंती बसवून घेतल्या. आज बाळंतीण लेकीच्या बाजेखाली शेगडी ठेवली, तर निखारे लालभडक आणि खोली मात्र गारठलेली. बाळाचे ओठ निळे पडायला लागले.

कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "मावशी, घरातली सगळी ऊब आमची. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाला जाते. करारच आहे तसा."

"मग कळाही तुम्हीच सोसायच्या होत्या, मेल्या."

सगुणाबाईंनी बाज, लेक, बाळ, शेगडी सगळं अंगणात काढलं. उघड्यावर, दहिवरात, बाळाचे हात पहिल्यांदा कोमट झाले.

ते बघून त्या माणसानं टेप काढला आणि तो अंगण मोजायला लागला.

सगुणाबाई चिमट्यात निखारा धरून त्याच्याकडे निघाल्या.