लॉनी की दुसरा?

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! बायको गेल्यापासून अर्ल रोज हॅमिल्टन शहरातल्या एका डोनटच्या दुकानात बसायचा, पण चार महिने त्याने तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी बहीण व्हर्ना समोर बसली आणि दोघांच्या तरुणपणीच्या आवडत्या रॉक बँडचा विषय काढून दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "आयर्न हेरॉनचा खरा गायक म्हणजे नंतर आलेला दुसरा. पहिला, तो लॉनी, नुसता केकाटायचा."

अर्लने कप आपटला. "काय म्हणालीस?"

"अगंबाई, ऐकू येतं वाटतं तुला!"

"सत्त्याहत्तर साली बर्फात सहा तास उभे होतो आपण त्या लॉनीच्या कार्यक्रमासाठी! आणि तुझा तो दुसरा? तो आला आणि बँड लग्नात वाजवायच्या लायकीचा झाला!"

अर्ल असा गरजला, की कपाटातले डोनट टुणकन उलटे झाले. तासभर भांडून उठताना म्हणाला, "उद्या घरी ये, भवाने. जुन्या रेकॉर्ड ऐकवतो, म्हणजे अक्कल येईल."

बरं, एक गोष्ट खोटी आहे. डोनट नाही हं, ते खरंच उलटले! लॉनीबद्दलचं ते खोटं व्हर्नाने रचलं. तिच्या पर्समध्ये लॉनीच्या त्या कार्यक्रमाचं फाटकं तिकीट अजून जपून ठेवलेलं आहे.