गेंदालालची फुंकर

भिलाईत ब्लॅकआउटच्या सरावाआधी सभागृहात एकाहत्तरच्या युद्धातला विनोदी सरकारी लघुपट दाखवला. त्यात वेंधळा गेंदालाल घरोघरी विजेचे दिवे फुंकर मारून विझवत होता, आणि ते विझतही होते.

"पाय वो, गाल कसे फुगवून राहिला!" आई हसून म्हणाली.

मग पडद्यावर आमची गल्ली आली, आमची खिडकी आली. आत बाबा झोपले होते. उशाशी गेल्या वर्षी घेतलेलं ऑक्सिजनचं यंत्र होतं. कृष्णधवल चित्रात त्याचा दिवा तेवढा हिरवा होता.

मी घरी फोन लावला. बाबांजवळ बसलेल्या धाकट्या हर्षानं उचलला.

"झोपून हायेत ते. पण ताई, खिडकीपाशी हा कोण माणूस उभा हाय?"

पडद्यावर गेंदालालनं खोल श्वास घेतला. सभागृह आधीच हसू लागलं.