स्प्रिंगखालची जागा

मिरजेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये अनुजा चार महिने त्या स्प्रिंगशी झुंजली होती. खेळातला छोटा माणूस शेवटच्या शिडीजवळ पोहोचला, की वरून लोखंडी स्प्रिंग टणाटण उड्या मारत यायची आणि त्याला चिरडून टाकायची. कॉलेज सुटल्यावर रोज हरून हरून तिने एक जागा शोधली. त्या माणसाला तिथे उभं केलं, की स्प्रिंग त्याच्या डोक्यावरून निघून जायची. ती जागा तिने फक्त श्रीरंगला दाखवली. त्यांचा साखरपुडा नुकताच झाला होता.

आज पार्लरमधल्या स्पर्धेत श्रीरंग खेळातल्या माणसाला तिथेच उभं करून जिंकला. बातमीसाठी आलेल्या वार्ताहराने त्याला विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"निरीक्षण. दुसरं काय?" श्रीरंग म्हणाला. मग त्याने अनुजाला पुढे ओढलं. "हिला अजून जमत नाही. ये, शिकवतो." घामाने चिकट झालेला हात तिच्या हातावर दाबून तो मशीनचा दांडा फिरवू लागला. लोक कौतुकाने हसले. सवयीने अनुजाही हसली, आणि त्या हसण्याचीच तिला शिसारी आली.

तिने हात सोडवून घेतला. "ही जागा मी शोधलीय," ती वार्ताहराला म्हणाली.

श्रीरंग हसतच तिच्या कानाशी वाकला. "लग्नानंतर चारचौघांत असं बोललेलं मला चालणार नाही."

अनुजा तडक वडिलांच्या दुकानात गेली. "बाबा, पत्रिका छापायला देऊ नका."

"का गं? भांडलात?"

"नाही. त्याचा हात आता मला हातात घेववणार नाही."