पोटरीपर्यंत चढलेलं चामडं

"अगं हेमांगी, श्वास रोखून पोटरी बारीक होते होय?" बुटांसाठी जिवंत चामडं वाढवणारी तानूमावशी हसली.

"सवयच लागलीय, मावशी. बुटाची चेन कधी वर चढलीच नाही ना!"

गुडघ्यापर्यंतचे बूट नाहीत म्हणून घोडेस्वारीच्या स्पर्धेतून हेमांगीला दोनदा परत पाठवलं होतं. आज तिसरी खेप.

मावशीनं तिला घोडीवर बसवलं आणि दोन्ही पावलांना त्या चामड्याचं एकेक ओलं फडकं गुंडाळलं. "आता पळव. पाय जसा राबेल, तसं ते वाढेल."

घोडी दौडली. चामडं रुंद पावलांवरून, घोट्यांवरून चढलं, पोटरीशी जरा थबकलं, मग ऐसपैस पसरत गुडघ्याखाली येऊन टेकलं. कुठं टोचेना, कुठं ढिलं पडेना.

स्पर्धेच्या फाटकावरच्या पंचानं बूट निरखून विचारलं, "कुठल्या मापाचे?"

"माझ्या," हेमांगी म्हणाली आणि तिनं घोडी थेट मैदानात घातली.