मागची पावलं

पोवई नाक्यावरून सुटलेला धुळा सुभेदार थेट मोती चौकात येऊन थांबला. पेढ्यांच्या दुकानाकडं बोट करून म्हणाला, "बघ, ह्यो साताऱ्याचा कंदी पेढा."

मागं कुणीच नव्हतं.

पलटण सुटली तरी चाल सुटत नाही, त्यातली गत. म्हसवडहून दोन दिवस सातारा पायी हिंडायला आलेलं हे जोडपं. सकाळपासून तो पुढं आणि बायको मनुबाई मागं, लग्न झाल्यापासून चालत आलीय तशीच. गर्दीत चोरांचा काय नेम, म्हणून तिचा फोनसुद्धा त्याच्याच खिशात.

तो आल्या वाटेनं मागं गेला, गल्ल्या धुंडाळून पुन्हा चौकात आला. लडाखच्या बर्फातही एवढा घाबरला नव्हता गडी.

"मंडळी चुकली आमची," तो पेढेवाल्याला म्हणाला.

"कुठल्या रंगाची साडी हाय, काका? खालच्या दुकानांत फोन लावतो."

धुळा आठवू लागला. सकाळी किल्ला बघितला, तळं बघितलं, बायकोकडं तेवढं बघायचं राहून गेलं होतं.

"रंग न्हाई ध्यानात," तो खाली बघत म्हणाला. "पर डावी चप्पल घासत चालती. आवाजावरनं वळखतो मी."

"ह्या गोंगाटात?"

धुळा रस्त्याकडं पाठ करून उभा राहिला. डोळे मिटले. घरी, रानात, जत्रेत, ती मागं आहे हे त्याला असंच कळायचं. रिक्षा गेल्या, मोटारसायकली गेल्या, कॉलेजच्या पोरी खिदळत गेल्या. घासणारी चप्पल काही येईना. पेढेवाला हसणार होता, पण म्हाताऱ्याकडं बघून त्यानं दुकानातला रेडिओ बंद केला.

"कुणाची वाट बघताय?"

धुळा गर्रकन वळला. साडी जांभळी होती. मनुबाई अनवाणी उभी होती, तुटलेली चप्पल हातात घेऊन.

"हाक मारायची न्हाई व्हय गं?" त्याचा आवाज चिरकला.

"मारली की. भर रस्त्यात 'आवं' म्हणून वरडले," मनुबाई म्हणाली. "चार बापय वळून बघाय लागले. तुमी न्हवता त्यात."